उताऱ्यावर नाव नसलेल्यांचे नुकसान

बेळगावकडच्या मार्कंडेय नदीकाठच्या एका गावातून एका भगिनींचे पत्र आले आहे. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात (म्हणजे बारावीत) शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ते लिहून दिले आहे. त्यातील आवश्यक भाग असा :

“आम्ही दोघे गावातल्याच एका मालकांची सव्वा एकर भातजमीन निम्म्या वाट्याने करतो. घरची जमीन नाही. बाकीचे दिवस मी रोप लावण, भांगलण, बटाटे आणि रताळी काढणे अशा कामांना रोजाने जाते आणि हे गवंड्याच्या हाताखाली जातात. यंदा लावण संपून पंधरा दिवस झाले नाहीत तोच नदीचे पाणी शिवारात शिरले आणि नऊ दिवस उतरले नाही. सगळे भात कुजले. आमच्या घराची मागची मातीची भिंत पडली आणि दोन शेळ्यांपैकी एक दगावली. तलाठी शेत पाहून गेले, नोंद मालकांच्या नावावर झाली. आम्ही विचारले तेव्हा ‘उताऱ्यावर नाव नाही, मग तुम्हाला परिहार (नुकसानीची सरकारी मदत) कसा मिळणार?’ असे उत्तर मिळाले. मालक म्हणतात, बियाणे-खताचा तुमचा निम्मा वाटा अजून यायचा आहे. दीड महिना झाला, कुणाच्याच शेतात काम नाही. गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दर आठवड्याला येतो. मराठीत लिहिलेला अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत दिला. आम्हाला काही मिळण्यासारखे आहे का, आणि ते मागायचे कुठे?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मिळालेले उत्तर खरे आहे, पण ते तुमच्या एकाच नुकसानीपुरते खरे आहे. पिकाची मदत उताऱ्याच्या मागोमाग जाते आणि उतारा मालकांच्या नावाचा आहे, इथपर्यंत तलाठ्यांचे म्हणणे बरोबर. परंतु तुमच्या पत्रात मी मोजली तेव्हा नुकसानी पाच निघाल्या : पिकातला निम्मा वाटा, घराची भिंत, शेळी, बुडालेली मजुरी आणि थकत चाललेला हप्ता. यांपैकी पहिलीच तेवढी जमिनीला बांधलेली आहे. उरलेल्या चारांसाठी तुमच्या नावावर गुंठाभर जमीन असण्याची अट कोठेही नाही, आणि तरीही शेतमजुरांची बहुतेक कुटुंबे ‘उतारा नाही’ हे एक वाक्य ऐकून कार्यालयाच्या पायरीवरूनच परत फिरतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी एका शाळेतल्या छावणीत काही दिवस लोकांचे अर्ज लिहून देत बसलो होतो. तेथे रांगेत पुढे शेतकरी असत आणि त्यांच्याच शेतात राबणाऱ्या बाया मागे भिंतीला टेकून बसलेल्या असत. ‘तुमचे काय गेले?’ असे विचारले, तर ‘आमचं काय जाणार, आमचं शेत कुठं हाय’ असे त्या म्हणत. घर पडलेल्या बायासुद्धा तसेच म्हणत.

आधी पिकाचे पाहू, कारण तुमच्या मनात तेच सर्वांत वर आहे. महसूल आणि कृषी खात्याचे कर्मचारी संयुक्त पाहणी करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक भरले, तर ते परिहारच्या संगणकीय यादीत चढते आणि शेतकऱ्याच्या फ्रूट्स क्रमांकाशी (राज्याच्या शेतकरी नोंदणीतील क्रमांकाशी) जोडलेल्या आधार-संलग्न खात्यात रक्कम जमा होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीचे दर केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या मुदतीसाठी ठरलेल्या दरांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती पिकाला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे हे गणित आहे. तुमच्या पंचनाम्याच्या तारखेला जो दर लागू असेल तोच धरला जाईल, पण अंदाज येण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत. सव्वा एकर म्हणजे साधारण अर्धा हेक्टर. पावसावरचे भात धरले, तर मालकांच्या खात्यात सुमारे ४,३०० रुपये येतील आणि त्यातला तुमचा न्याय्य निम्मा वाटा २,१५० रुपयांच्या आसपास होईल. २०२५ च्या पावसाळ्यातील नुकसानीसाठी कर्नाटक सरकारने केंद्राच्या दरावर हेक्टरी आणखी ८,५०० रुपये देण्याचे जाहीर केले होते. तशी भर पडली तर हा वाटा दुप्पट होईल, त्याहून अधिक नाही.

हा हिशेब मी मुद्दाम रुपयांत मांडला, कारण ज्या रकमेवरून मालकांशी तुमचे बोलणे तुटण्याची वेळ आली आहे ती रक्कम किती आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेले बरे. मालकांना परिहार मिळावा आणि वर बियाणे-खताचे पैसे तुमच्याकडून यावेत, हे मला मुळीच पटत नाही. वाट्याच्या शेतीत पीक निम्मे तर नुकसानही निम्मे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, आणि शासनाची मदत तर बियाणे, खत, मशागत या बुडालेल्या खर्चापोटीच दिली जाते. तेव्हा बियाणे, खत, नांगरट, लावणीची मजुरी असा एकूण खर्च लिहून काढावा, त्यात कोणी किती घातले आणि तुमच्या घरातील माणसांचे किती रोज गेले तेही लिहावे, मिळालेला परिहार त्यातून वजा करावा आणि राहिलेला तोटा निम्मा-निम्मा वाटावा. मालकांनी पीकविमा उतरवला होता का, हेही विचारा. खरिपात अन्नधान्याच्या पिकासाठी शेतकऱ्याने भरावयाचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत असतो, आणि त्यातला निम्मा तुमच्याकडून घेतला असेल तर भरपाईतला निम्मा वाटाही तुमचाच आहे.

मात्र हे बोलताना मालकांच्या मनातली एक भीती ओळखून बोला. कर्नाटकात १ मार्च १९७४ रोजी अमलात आलेल्या जमीन सुधारणा दुरुस्तीने कुळवहिवाट संपवली आणि सैनिकांसारखे मोजके अपवाद वगळता शेतजमीन कुळाने देण्यास बंदी घातली. ज्यांची जमीन त्या काळी कुळांकडे गेली त्यांच्या घरांत आजही ‘कागद केला की जमीन गेली’ असे लहान मुलांना सांगितले जाते. तुम्ही कागद मागितलात की मालकांना पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आठवणार. (माझ्या वडिलांच्या बोलण्यात तर ‘कुळकायदा’ हा शब्द आला की घरातील सर्वांनी गप्प बसायचे असते, हे आम्हा भावंडांना चांगले कळत असे.) म्हणून ‘जमीन आम्ही कसतो असे लिहून द्या’ असे म्हणू नका. फक्त यंदाच्या खर्चाचा आणि तोट्याचा हिशेब एका वहीच्या पानावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या आणि गावातल्या दोघा जाणत्या माणसांची साक्ष घ्या. त्या पानावर जमिनीच्या हक्काचा एक शब्दही नसावा. आणि राहिलेला तोटा ‘मजुरीतून वळता करू’ असे मालक म्हणाले, तर ते मान्य करू नका. वाट्याचा हिशेब वेगळा आणि रोजाची मजुरी वेगळी. उचल किंवा देणे फेडण्यासाठी माणसाला एकाच मालकाकडे राबायला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. हा कायदा मालकांच्या तोंडावर फेकण्याची गरज पडू नये, पण तो तुमच्या बाजूने आहे हे तुम्हाला ठाऊक असावे. वाफसा आल्यावर त्याच जमिनीत हरभरा किंवा मसूर पेरण्याचा विचार असेल, तर त्याचा वाटा आणि खर्च याच बैठकीत ठरवून घ्या.

आता घराकडे वळू, कारण तेथे दर दिवसाच्या उशिराने पुरावा वाहून जातो. पंचनाम्यात भिंतीचे काय लिहिले आहे, हे तुम्ही पत्रात कळवलेले नाही. माझा अंदाज असा की तलाठी शेत पाहून गेले आणि घराची पाहणी झालीच नाही. तसे असेल तर उद्याच्या उद्या घराच्या पाहणीचा स्वतंत्र अर्ज द्या आणि तोपर्यंत पडलेल्या भिंतीची माती उचलू नका. पावसामुळे उचलावीच लागली तर आधी मोबाईलवर घराचे चारही बाजूंनी फोटो काढा, आणि शेजारचे घर किंवा गावातले देऊळ दिसेल असा एक तरी फोटो घ्या. नुकसानीचे टक्के ठरवताना एकेका शब्दाला किंमत येते. ‘मागील भिंतीची पडझड’ असे लिहिले तर घर अंशतः पडले असे धरले जाते. ती भिंत छपराचा भार पेलत असेल आणि आढे खचले असेल, तर तेही पंचनाम्यात आले पाहिजे. केंद्राच्या याच दरांप्रमाणे कच्च्या घराची पडझड किमान १५ टक्के असेल तर ४,००० रुपये, आणि घर संपूर्ण पडले तर सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये मिळतात. या दोन आकड्यांमधील अंतर पाहिले की पंचनाम्याच्या वेळी घरातील जाणते माणूस तेथे हजर का असावे, हे वेगळे सांगायला नको. २०१९ मध्ये राज्य सरकारने पडलेल्या घरांचे अ, ब, क असे वर्ग केले होते आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये मंजूर केले होते. त्या वेळी आमच्या भागात जेवढे वाद झाले ते बहुतेक सगळे वर्गावरूनच झाले, आणि पहिल्या पाहणीला जे घरी नव्हते त्यांना वर्ग बदलून घेताना पुढे कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या.

घरासाठी दुसरी अडचण येते ती घर अधिकृत असल्याची. घर गावठाणात असेल आणि ग्राम पंचायतीत त्याचा घरफाळा भरला जात असेल, तर पावती आणि पंचायतीचा घरउतारा अर्जाला जोडा. घर तुमच्या सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांच्याच नावाने अर्ज करा किंवा ते हयात नसतील तर वारसाचे कागद जोडा. नवऱ्याच्या नावाने घाईने दिलेला अर्ज पुढे ‘नाव जुळत नाही’ म्हणून अडकतो. घरात पाणी शिरून कपडे आणि भांडी गेली असतील, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये अशी वेगळी तरतूद आहे. तीही पंचनाम्यात लिहून घ्यावी लागते.

शेळीबद्दल फार आशा लावणार नाही. दरांप्रमाणे दगावलेल्या शेळीचे ४,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी मृत जनावर पाहून दाखला दिलेला असावा लागतो. दीड महिन्यापूर्वी पुरलेल्या शेळीचा दाखला आता मिळणे कठीण आहे. त्या दिवसांत तुम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायतीत काही कळवले असेल, कोणी फोटो काढला असेल, तर मागणी नोंदवा. नसेल तर त्यामागे रोज बुडवू नका. पुढच्या वेळी मात्र जनावर पुरण्याआधी दवाखान्याला कळवायचे, हे शेजारपाजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

तुमची खरी मोठी नुकसानी मजुरीची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी पंचनामा करायला येत नाही. शेतकऱ्याचे जे गेले ते शिवारात कुजलेले दिसते, त्याचा फोटो निघतो, एकर-गुंठ्यांत ते मोजता येते. मजुराचे जे गेले ते अजून यायचे होते. भातातली दुसरी भांगलण, सुगीतली कापणी, मळणी, पिंजर वाहणे, हे सगळे दिवस एका पाण्याने नाहीसे झाले, आणि जे दिवस उगवलेच नाहीत ते मोजण्याचा नमुना कोणत्याही कार्यालयात नाही. त्यातही बायकांच्या रोजाचे नुकसान अधिक, कारण पुरुष शहरात बांधकामावर जाऊ शकतात, पण घर, म्हातारी माणसे आणि उरलेले जनावर सोडून बाईने पहाटेच्या बसने बेळगावला जाणे प्रत्येकीला जमत नाही.

या बुडालेल्या मजुरीसाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट कायद्यात आहे, पण ती अजून फारशी मळलेली नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या किमान मदतीत उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यासाठीच्या साहाय्याचाही उल्लेख आहे, आणि आपत्ती निधीच्या निकषांत ज्या कुटुंबांच्या उपजीविकेला गंभीर फटका बसला आहे त्यांच्यासाठी निर्वाह मदतीचे कलम आहे. ही मदत आपोआप येत नाही. प्रशासनाने अशी कुटुंबे निश्चित करावी लागतात, आणि ती निश्चित करण्याची मागणी एकट्या कुटुंबाने करून भागत नाही. तुमच्या गल्लीत, हरिजनवाड्यात, शेजारच्या वाडीत तुमच्यासारखी वीस-पंचवीस घरे तरी असतील. त्या सर्वांची नावे, घरातील कमावती माणसे, किती दिवस काम नाही आणि पूर्वी कोणाकोणाच्या शेतात कामाला जात होता, अशी यादी करून ती तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, आणि ग्राम पंचायतीला तसा ठराव करायला सांगा. सोबत नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या होबळी पातळीवरील कार्यालयातून) भूमिहीन असल्याचा किंवा शेतमजूर असल्याचा दाखला काढून जोडता आला तर ‘तुम्ही शेतमजूर कशावरून?’ हा प्रश्न तेथेच संपतो. मदत मंजूर होईलच असे मी म्हणत नाही. परंतु मागणीच आली नाही, तर ‘बाधित मजूर : निरंक’ असा अहवाल वर जायला काहीच अडचण उरत नाही.

दुसरी वाट उद्योग खात्रीची, म्हणजे रोजगार हमीची आहे, आणि माझ्या मते तुम्ही याच आठवड्यात तिच्यावर सर्वाधिक जोर द्यावा. पुन्हा आकडेच पाहा. २०२५-२६ साठी कर्नाटकातील रोज ३७० रुपये होता. तुम्ही दोघांनी पंधरा-पंधरा दिवस काम केले तर ११,१०० रुपये होतात, म्हणजे मालकांकडून मिळायच्या वाट्याच्या पाचपट, आणि त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. पंचायतीत जाऊन तोंडी ‘काम आहे का?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘सध्या नाही’ असेच मिळते. जॉबकार्डचा क्रमांक घालून, किती माणसांना किती दिवस काम हवे ते लिहून अर्ज द्या आणि पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) तारीख घातलेली पोच घ्या. पोच मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेमुळेच उभा राहतो. १०० दिवसांची हमी देणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला आहे, त्यामुळे अर्जाच्या नमुन्यावर कोणते नाव छापले आहे याने गोंधळून जाऊ नका. नव्या कायद्यात पेरणी आणि सुगीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत ही कामे थांबवण्याची मुभा राज्यांना आहे. ‘सुगी आहे, काम बंद’ असे कोणी म्हणालेच, तर ‘आमच्या शिवारात यंदा सुगीच नाही’ हे लेखी उत्तर द्या आणि सोबत मालकांच्या शेताच्या पंचनाम्याची प्रत जोडा. जो कागद तुम्हाला परिहार देत नाही, तो येथे तुमच्या उपयोगी पडतो. गावात कामे कोणती काढायची हेही सुचवा : नाल्यातला गाळ काढणे, शेताकडचे वाहून गेलेले रस्ते, फुटलेले बांध. पाणी नऊ दिवस का थांबले याचे उत्तर बहुधा त्याच तुंबलेल्या नाल्यांत सापडेल.

हप्त्याबद्दल थोडक्यात लिहितो. हप्ता चुकेल म्हणून खासगी सावकाराकडून नवे कर्ज काढू नका. कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील असेल, तर तिच्या वसुली माणसांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तुमच्याशी वसुलीसाठी संपर्क करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, शेजाऱ्यांत बदनामी करायची नाही, असे बँकेचे २०२२ चे निर्देश आहेत. घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम कर्जफेडीत जाऊ नये, अशीही त्यांत मर्यादा आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत सर्व बाधित बायांनी मिळून, पंचनाम्याच्या प्रती जोडून, हप्ते पुढे ढकलून मुदत वाढवण्याची लेखी मागणी करा. एकटीने मागितले तर गटातल्या बाकीच्या बायांवर भार पडतो आणि मग त्याच तुमच्यावर रागावतात. नोंदणी नसलेल्या सावकारांच्या आणि संस्थांच्या दमदाटीविरुद्ध कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. तसा प्रकार घडला तर पोलिसांत तक्रार करता येते.

भाषेचा प्रश्न शेवटी घेतला, पण तुमचा अर्ज परत आला तो तेथूनच. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी अर्ज केवळ भाषेसाठी परत करणे चूक आहे. हे मी तत्त्वासाठी लिहितो आहे आणि आमच्या भागातल्या माणसाला या तत्त्वाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, आणि तेवढ्या काळात २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर येऊन गेले. पण पडलेली भिंत निकालाची वाट पाहत नाही. ज्या टेबलावर अर्ज वाचला जाणार तेथील माणसाला तो झटकन वाचता आला, तर फायदा तुमचाच आहे. तुमच्या मुलीने शाळेत कन्नड शिकलेले असणार. तिच्याकडून एकाच कागदावर वर मराठी आणि खाली कन्नड असा अर्ज लिहून घ्या. कमीपणा कोणाला येत नाही आणि परत करायला कारणही उरत नाही. तरीही अर्ज घेतला नाही, तर तो रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि राज्याच्या १९०२ या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

अर्ज एकच लांबलचक करू नका. घराचा वेगळा, कामाच्या मागणीचा वेगळा, मजूर कुटुंबांच्या यादीचा वेगळा. घराच्या अर्जात एवढेच पुरे : “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मार्कंडेय नदीचे पाणी आमच्या घरात होते. त्यामुळे घराची मागील भिंत पडली असून छप्पर खचले आहे, तसेच कपडे व भांडी यांचे नुकसान झाले आहे. आमच्या घराची पाहणी अद्याप झालेली नाही. ती करून पंचनाम्याची प्रत आम्हास द्यावी.” छप्पर खचले नसेल तर ते शब्द गाळा. न झालेले नुकसान लिहिले की झालेल्या नुकसानीवरचाही विश्वास उडतो. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा आणि तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

आणि अर्ज देण्याआधी बँकेत जाऊन एक गोष्ट पाहून या. मदतीचे पैसे आधार ज्या खात्याशी जोडले आहे त्याच खात्यात जातात, मग अर्जात तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असो. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते बँक निष्क्रिय ठरवते. गटाच्या कर्जासाठी उघडलेल्या दुसऱ्याच खात्याशी आधार जोडले गेले असेल, तर मदत तेथे जाईल आणि तुम्ही जुन्या पासबुकात ती शोधत राहाल. आधार, पासबुक आणि जॉबकार्ड या तिन्हींवरचे नाव एकसारखे आहे का तेही पाहा. माहेरचे आणि सासरचे आडनाव यांची गल्लत असेल, तर ती दुरुस्त करायला या आठवड्यातला एक दिवस द्या, आणि कामाच्या मागणीचा अर्ज मात्र त्या दुरुस्तीसाठी थांबवून ठेवू नका.